दांत काढण्यापूर्वीं हाडाचा विचार

संस्कृत भाषेंत दांतास ‘द्विज’ असें एक नांव आहे. पक्षी एकदां अंड्याच्या रूपानें आणि एकदां तें अंडें फोडून जन्मास येतो म्हणून तो द्विज. दांतही एकदां दुधाचा व एकदां कायमचा असा दोन वेळां येतो म्हणून तोही द्विज. तिसरा जन्म त्याच्या कपाळीं लिहिलेला नाहीं. ही उणीव मनुष्यानें आपल्या बुद्धीनें भरून काढली आहे. जबड्याच्या हाडांत टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवावयाचा, हाडानें त्यास घट्ट धरलें म्हणजे त्यावर दांत चढवावयाचा, ही विद्या आतां चांगली रुळली असून मोठ्या शहरांतच काय, पण तालुक्याच्या गांवींही दवाखान्याच्या पाटीवर ‘इम्प्लांट’ हा शब्द वाचावयास मिळतो. घरांत कोणाचा दांत काढण्याचा प्रसंग आला कीं, ‘आतां काढून टाका, पुढें सवडीनें इम्प्लांट बसवूं’ असें आपण सहज बोलून जातों. या वाक्यांतील ‘सवडीनें’ हा शब्द घातक आहे, आणि त्या एका शब्दाविषयींच मला आज वाचकांशीं बोलावयाचें आहे.

चरकसंहितेंत शरीरांतील अस्थींची संख्या ३६० सांगितली आहे. तींत ३२ दांत तर धरले आहेतच, पण त्यांच्या जोडीस ३२ ‘दन्तोलूखलें’ निराळीं मोजलीं आहेत. उलूखल म्हणजे आपलें स्वयंपाकघरांतील उखळ. दांताचें मूळ ज्या खांचेंत उभें असतें ती खांच म्हणजे दांताचें उखळ. आजचें शरीरशास्त्र दांतांस अस्थि म्हणत नाहीं आणि या उखळांस जबड्याचाच भाग समजतें, तेव्हां ३६० ही संख्या आतां ग्राह्य नाहीं. परंतु दांत ही एक वस्तु व त्याचें उखळ ही दुसरी वस्तु, हा जो भेद त्या प्राचीन वैद्यांनीं केला तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दांत काढतांना आपण पहिलीचाच विचार करतों. दुसरीचें काय होतें हें कोणी विचारीत नाहीं.

तिचें होतें तें असें. खांचेच्या आंतल्या अंगास हाडाचा एक पातळ थर असतो आणि दांताचें मूळ असंख्य सूक्ष्म तंतूंनीं त्या थरास बांधलेलें असतें. आपण घांस चावतों तेव्हां या तंतूंवर ताण येतो व तो हाडास पोहोंचतो. हाड हें वाळलेल्या लाकडासारखें निर्जीव नव्हे. तें रोज थोडें झिजतें व रोज थोडें नवें घडतें. बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, ज्या हाडावर भार पडतो तें त्या भारास अनुरूप घडत जातें आणि ज्यावरचा भार उतरतो तें क्षीण होतें. ज्या वाड्यांत चूल पेटत नाहीं त्याच्या भिंतींची जी गत होते तीच येथें. दांत गेला कीं तो आंतला थर निराधार होतो आणि थोड्याच आठवड्यांत विरघळूं लागतो. खांचेच्या पोकळींत नवें हाड भरतें हें खरें. पण पोकळी आंतून भरत असतां तिच्या भिंती बाहेरून ढांसळत असतात.

सर्व भिंती सारख्या ढांसळत नाहींत. जिभेकडील भिंत जाड असते, ती पुष्कळशी तग धरते. ओंठाकडील व गालाकडील भिंत पातळ. वरच्या समोरच्या दांतांपुढें तर ती पुष्कळदां एक मिलिमीटरही भरत नाहीं. म्हणजे ती जवळजवळ सबंध त्या आंतल्या थराचीच झालेली असते. अराउजो व लिंडे या दोघां संशोधकांनीं २००५ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांत हेंच दाखविलें कीं, दांत काढल्यावर आठ आठवड्यांत बाहेरची भिंत आंतल्या भिंतीपेक्षां स्पष्टपणें खालीं बसते. समोरचा दांत काढल्यावर त्या जागीं हिरडीस खड्डा पडतो व ओंठ आंत ओढल्यासारखा दिसतो, त्याचें कारण हें.

आतां थोडें गणित करूं. जन्मभर शाळेंत काढल्यामुळें त्यावांचून माझें समाधान होत नाहीं. डेन्मार्कमधील संशोधकांनीं ४६ रोग्यांच्या दाढा व उपदाढा काढल्यावर वर्षभर मापें घेऊन तीं २००३ सालीं प्रसिद्ध केलीं. दांत काढतेवेळीं हाडाच्या कण्याची रुंदी सरासरी १२ मिलिमीटर होती. वर्ष संपतां ती ५.९ मिलिमीटर राहिली. म्हणजे निम्मी गेली. आणि या घटीपैकीं दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. इम्प्लांटचा नेहमींच्या वापरांतील स्क्रू सुमारें ४ मिलिमीटर जाडीचा धरा. त्याच्या दोहों अंगांस निदान दीड-दीड मिलिमीटर हाड असावें. बेरीज ७ झाली. हातीं आहेत ५.९. ज्यानें ‘सवडीनें’ म्हटलें त्याची सवड बहुधा वर्षाहून मोठी असते. मुलीचें लग्न, घराचें रंगकाम, दिवाळीनंतर पाहूं, असें होतां होतां तीन वर्षें सहज जातात. मग डॉक्टर सांगतात कीं, स्क्रू बसेल, पण आधीं दुसरीकडचें हाड काढून येथें लावावें लागेल, किंवा वरच्या दाढेच्या जागीं नाकाशेजारील पोकळीचा तळ उचलून तेथें हाड भरावें लागेल. शस्त्रक्रिया दुप्पट, खर्च दुप्पट, आणि साठी उलटलेल्या मनुष्याच्या अंगीं तेवढी उमेद राहिलेली नसते.

माझ्या थोरल्या वहिनींचें उदाहरण घरांतलेंच आहे. पन्नाशीच्या सुमारास त्यांच्या दाढा हालूं लागल्या, तेव्हां एका दवाखान्यांत चार-पांच बैठकींत खालचे सर्व दांत काढून कवळी देण्यांत आली. हाडाविषयीं त्यांस तेव्हां कोणी चकार शब्द सांगितला नाहीं. पहिलीं तीन-चार वर्षें कवळी बरी बसली. पुढें ती सैल झाली. नवी केली, तीही सैल झाली. आज त्यांच्या खालच्या जबड्याचा कणा एखाद्या दोरीसारखा बारीक राहिला असून कवळी जिभेच्या हालचालीबरोबर उचलते. भाकरी दुधांत कुसकरून खावी लागते. वहिनी पूर्वीं पंगतींत आग्रह करकरून वाढीत व मग स्वतः जेवावयास बसत; आतां त्या सर्वांचें आटोपल्यावर स्वयंपाकघरांत एकट्या बसतात. चारचौघांत कवळी निसटेल या धास्तीनें त्यांचें बोलणेंही कमी झालें आहे. दांत हा केवळ चावण्यासाठीं असतो असें ज्यास वाटतें त्यानें अशा घरांत चार दिवस राहून पाहावें.

हें त्यांच्याच वांट्यास आलें असें नाहीं. टालग्रेन या संशोधकांनीं पूर्ण कवळी वापरणारांची २५ वर्षेंपर्यंत पाहणी करून १९७२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. कवळी बसविल्यावरही हाडाची झीज वर्षानुवर्षें चालूच राहते, आणि खालच्या जबड्याच्या समोरच्या भागांत ती वरच्यापेक्षां सुमारें चौपट असते. कवळीमुळें हाडास भार मिळतो खरा, पण तो वरून दाबणारा. तंतूंनीं ओढून धरणारा नव्हे. तो हाडास मानवत नाहीं.

म्हणून हाड राखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दांत, निदान त्याचें मूळ, न काढणें. किडलेला दांत रूट कॅनाल करून वांचत असेल तर वांचवावा. कवळीच घ्यावयाची असली, तरी खालचे दोन सुळे जर पक्के असतील, तर ते हिरडीलगत कापून, मुळांची नीट दुरुस्ती करून, त्यांवर कवळी बसवितां येते. १९७८ सालीं क्रम व रूनी यांनीं असे दोन गट पांच वर्षें तुलना करून पाहिले. ज्यांचे सर्व दांत काढले होते त्यांच्या खालच्या जबड्याच्या समोरील भागाची उंची सरासरी ५.२ मिलिमीटर घटली. ज्यांचे सुळे राखले होते त्यांची फक्त ०.६ मिलिमीटर. दोन म्हाताऱ्या सुळ्यांनीं एवढें काम केलें! वहिनींचे सुळे त्या वेळीं घट्ट होते, ही गोष्ट मला अजून बोंचते.

पण कांहीं दांत काढावेच लागतात. मूळ उभें चिरलेलें असतें, किंवा पू इतका झालेला असतो कीं दांत ठेवणें हेंच हाडास घातक. अशा वेळीं काय करितां येतें, तें पाहूं.

इम्प्लांटचें मूळ स्वीडनमध्यें आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ सालीं लुंड येथें सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठीं हाडांत बसविलेली टायटॅनियमची नळकांडी प्रयोग संपल्यावर निघेना. हाड धातूस असें चिकटलें होतें कीं जणूं तें एकच झालें. त्यांतून पुढें १९६५ सालीं गॉटेनबर्ग येथें यॉस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यांत त्यांनीं पहिले स्क्रू बसविले, आणि ते लार्सन २००६ सालीं वारले तोंपर्यंत, म्हणजे ४० वर्षें, टिकले. इतकें सर्व असूनही पुढें एक अडचण सर्वत्र दिसूं लागली: धातू तयार, डॉक्टर तयार, पण हाड जागेवर नाहीं. म्हणून दांत काढतांनाच खांच राखण्याचा विचार सुरू झाला.

त्यांतील पहिली गोष्ट दांत काढण्याच्या हाताची आहे. पकड लावून, जोरानें डावी-उजवीकडे हिसके देऊन काढलेला दांत आपल्याबरोबर बाहेरची पातळ भिंत घेऊन येतो. उलट पातळ पात्याच्या हत्यारानें कडेकडेनें तंतू कापून, दाढ असल्यास तिचीं मुळें वेगळीं करून एकेक काढलें, तर वेळ अधिक लागतो, पण खांच शाबूत राहते. ‘पांच मिनिटांत काढला’ अशी डॉक्टरांची वाखाणणी आपण करतों. ती आतां सोडावी.

दुसरी गोष्ट खांच भरण्याची. खांच स्वच्छ करून तींत हाडासारख्या द्रव्याची बारीक दाणेदार पूड भरतात, वर पातळ पडदा घालतात व टांके देतात. वेलीस मांडव घालावा तसा हा मांडव. नवें हाड त्यावरून वाढत जातें. त्यास साधारणपणें चार ते सहा महिने द्यावे लागतात, मग स्क्रू. या उपायानें घट थांबत नाहीं, कमी होते, हें मात्र स्पष्ट लक्षांत घ्यावें. कॉक्रेन या संस्थेनें २०२१ सालीं निरनिराळ्या प्रयोगांचा आढावा घेतला. त्याप्रमाणें प्राणिज पूड भरल्यानें रुंदींत व उंचींत सुमारें एक ते दीड मिलिमीटर हाड अधिक वांचतें. आणि पुराव्याचा भरंवसा अद्याप फार नाहीं, असेंही तिनें प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. दीड मिलिमीटर ऐकावयास क्षुल्लक वाटेल. पण वरचें गणित पुन्हां पाहा: ५.९ मध्यें तेवढे मिळविले तर ७ पार होतात.

ती पूड कशाची, हा प्रश्न आपल्या घरांत विचारलाच जाईल, आणि तो विचारण्यांत संकोच मानण्याचें कारण नाहीं. पुष्कळ दवाखान्यांत वापरली जाणारी पूड गाईबैलांच्या हाडांची असते. उष्णतेनें व रसायनांनीं तींतील सेंद्रिय अंश काढून केवळ खनिज भाग ठेवलेला असतो. वरचा पडदा पुष्कळदां डुकराच्या अथवा गुरांच्या कातडीतील द्रव्याचा असतो. दुसरा प्रकार, मृत मनुष्यानें दान केलेल्या हाडाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९८८ पासून अशा दान केलेल्या ऊतींची पेढी आहे. दधीचि ऋषींची कथा ऐकत वाढलेल्या मनास हें दान परकें वाटूं नये, पण ज्याचें त्यानें ठरवावें. तिसरा प्रकार पूर्णपणें कृत्रिम: कॅल्शियम व फॉस्फेट यांचीं संयुगें, अथवा अमेरिकेंत लॅरी हेंच यांनीं १९६९ सालीं शोधलेली, हाडास चिकटणारी कांच. यांत कोणत्याही प्राण्याचा संबंध नाहीं. याशिवाय रोग्याचेंच थोडें रक्त काढून, तें यंत्रांत फिरवून, त्यांतील घट्ट भाग खांचेंत घालण्याची पद्धत फ्रान्समध्यें शुक्रून यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केली. तिनें जखम लवकर भरते, परंतु हाडाची रुंदी राखण्यास ती एकटी पूडेइतकी भरंवशाची समजली जात नाहीं. माझें मत विचाराल तर कृत्रिम पूड घ्यावी व निश्चिंत असावें. पण ज्या वडील मनुष्याच्या तोंडांत ती जावयाची त्यास न विचारतां मुलांनीं परस्पर होकार देऊं नये. खुर्चीवर आडवें पडल्यावर हा विषय निघणें सर्वांनाच अवघड जातें. आदल्या भेटींत विचारावें, डॉक्टर सांगतात.

सर्वांनीं हा खर्च करावाच असें मी म्हणत नाहीं. ज्यास त्या जागीं इम्प्लांट कधींच नको आहे, जेथें अक्कलदाढ काढली आहे, जेथें भिंती चारी बाजूंनीं जाड व शाबूत असून दोन-तीन महिन्यांतच स्क्रू बसवावयाचा ठरलें आहे, तेथें नुसती खांच भरूं देणें पुष्कळदां पुरतें. समोरचा वरचा दांत असेल, एक भिंत आधींच तुटलेली असेल, किंवा पुढील सहा-आठ महिने इम्प्लांट होणें शक्य नसेल, तेथें भरण्याचा खरा उपयोग. दांत काढला त्याच दिवशीं स्क्रू बसविला म्हणजे भिंत टिकते, असा एक समज आहे; तो बरोबर नाहीं. निवडक ठिकाणीं तसें करितां येतें, पण स्क्रू बाहेरच्या भिंतीस ढांसळण्यापासून थोपवूं शकत नाहीं. पैशाची अडचण असल्यास मुंबई व नागपूर येथील सरकारी दंतमहाविद्यालयांत जाऊन विचारावें. तेथें वेळ मोडतो, पण शिकविणाऱ्या जाणत्या डॉक्टरांची नजर असते.

दांत काढल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मात्र गरीब-श्रीमंत सर्वांस सारखेच. खांचेंत रक्ताची जी गांठ धरते तीच पुढील हाडाचें बीज. ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कानापर्यंत ठणका लागतो व खांच उघडी पडते. म्हणून पहिल्या दिवशीं जोरानें चूळ भरूं नये, थुंकूं नये, नळीनें ओढून पिऊं नये. दुसऱ्या दिवसापासून कोंबट मिठाच्या पाण्यानें हलकेच तोंड धुवावें. आपल्याकडे घरोघरीं वैद्य असल्यामुळें कोणी हळद दाबा म्हणतें, कोणी लवंगेचें तेल. ताज्या खांचेंत यांपैकीं कांहींही घालूं नये. विडी, सिगरेट, तंबाखू व आमच्या कांहीं आजीबाईंची मशेरी, हीं हाडाचीं उघड वैरी आहेत.

मधुमेह असल्यास साखर आटोक्यांत आणूनच दांत काढावा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानें बंद करूं नये. ज्यांनीं ती दिली त्या डॉक्टरांस विचारावें. आणखी एक गोष्ट घरांतील वृद्ध स्त्रियांकरितां. हाडें ठिसूळ झालीं म्हणून ज्यांस आठवड्यास एक अशी गोळी किंवा वर्षास एक इंजेक्शन चालू आहे, त्यांनीं तें दांतांच्या डॉक्टरांस न चुकतां सांगावें. या औषधांमुळें क्वचित् दांत काढल्यावर जबड्याचें हाड उघडें पडून कुजतें, हें २००३ पासून वैद्यांच्या ध्यानांत आलें आहे.

मुलांचा प्रश्न निराळा. क्रिकेटच्या चेंडूनें बारा वर्षांच्या मुलाचा कायमचा दांत मुळासकट निखळला, तर वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांट बसवितां येत नाहीं. तोंवर सहा-सात वर्षें हाड झिजत राहणार. म्हणून तो दांत फेंकूं नये. मूळ न चोळतां, वरच्या बाजूनें धरून, पाण्याखालीं क्षणभर धुऊन जागच्या जागीं बसवावा. तें न जमल्यास थंड दुधांत घालून अर्ध्या-पाऊण तासाच्या आंत दवाखाना गांठावा. पुढें तो दांत टिकला नाहीं, तरी तो तेथें असेतोंवर हाड राखतो. दुधाचा दांत निखळला असल्यास मात्र तो परत बसवूं नये.

खांच भरल्यावर मधल्या महिन्यांत शोभेसाठीं तात्पुरता दांत देतात. तो त्या जागेवर दाबून बसतां कामा नये. हिरडीवर पांढरा डाग किंवा दुखरी जागा दिसली तर लगेच घांसून घ्यावा. स्क्रू बसविण्यापूर्वीं हाडाची लांबी, रुंदी व उंची तिन्ही दाखविणारें त्रिमित क्ष-किरण चित्र काढतात. त्याची प्रत मागून घ्यावी. तसेंच पुडीच्या व स्क्रूच्या डबीवर कारखान्याचें नांव व क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती डॉक्टरांकडून मागून घेऊन, तारीख घालून, घरच्या महत्त्वाच्या कागदांत लावून ठेवावी. पंधरा-वीस वर्षांनीं वरचा दांत सैल झाला आणि तोंवर गांव व डॉक्टर दोन्ही बदलले असले, तर नव्या डॉक्टरांस कोणती किल्ली लावावयाची हें त्या पट्टीवरूनच कळतें.